कृष्णाकाठी लांब झूमचा कॅमेरा : चाचणीच्या नोंदी

७ डिसेंबर २०२५, रविवार

वहिनींच्या घरी गटाची बैठक. भडंग आणि चहा संपेपर्यंत विषयाला कुणी हात घातला नाही, मग मास्तरांनी वही उघडली. सांगली जिल्ह्यात भिलवडीपासून हरिपूरपर्यंतच्या कृष्णाकाठचे पक्षी आणि मगरी फोटोसह नोंदवायच्या, त्यासाठी वर्गणीतून एक कॅमेरा घ्यायचा. हा कॅमेरा चारचौघांच्या हातात फिरणार आहे. मास्तर निवृत्त आहेत, दोन पोरं कॉलेजात आहेत, वहिनींचे गुडघे दुखतात. ओझं किती, हा प्रश्न त्यामुळे पहिलाच आहे.

गटात फोटोग्राफीतलं खरं कळणारे म्हणजे दादा. त्यांचं म्हणणं, "डीएसएलआर घ्या, नाहीतर वर्गणी परत द्या." डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा. मास्तरांना लेन्स बदलायची कटकट नको. पोरांना १२५ पट झूमचं वेड लागलंय, कारण चंद्र फ्रेमबाहेर जाईपर्यंत ओढलेला व्हिडिओ त्यांनी पाहिला आहे.

ठरलं असं, की घेण्याआधी लांब झूमच्या, लेन्स न बदलणाऱ्या कॅमेऱ्यांचा हा वर्ग नीट तपासायचा. मास्तरांच्या भाच्याचा जुना कॅमेरा महिना-दोन महिने मिळतोय. ५० पट झूम, भिंगाची लांबी २४ ते १२०० मिमी, प्रकाश टिपणारा नखाएवढा १/२.३ इंची सेन्सर. मॉडेलचं नाव इथे लिहीत नाही. तसलं नवं आता दुकानात मागायला जायचं नाही, आणि तपासायची आहे ती जात.

९ डिसेंबर, मंगळवार

रात्री कागदावर हिशेब. झूमच्या आकड्यांची शर्यत आधी बघून घेतली. २०१२ साली कॅननच्या एसएक्स५० ने ५० पट गाठलं. २०१५ ला निकॉनचा पी९०० आला, ८३ पट, २००० मिमी. २०१८ ला त्यांचाच पी१०००, १२५ पट, ३००० मिमी. हे मिमी खरे नसतात, फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या, मापात बोललेले असतात. पी१००० ची भिंगाची खरी लांबी ५३९ मिमी आहे. सेन्सर इवलासा असल्याने ती ३००० सारखी दिसते.

मग तुलना कशावर करायची? दुर्बीण घेताना आपण ८×४२ म्हणतो. त्यातला दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचं तोंड. कॅमेऱ्याच्या खोक्यावर हा आकडा कुणी छापत नाही, पण काढता येतो. पूर्ण झूमला भिंगाची खरी लांबी घ्यायची आणि तिथल्या एफ आकड्याने (लांबी तोंडाच्या किती पट, तो आकडा) भागायची. भाच्याचा कॅमेरा: २१५ मिमी, एफ साडेसहाच्या आसपास, म्हणजे तोंड ३३-३४ मिमी. निकॉन पी९५०: ३५७ भागिले ६.५, म्हणजे ५५. पी१०००: ५३९ भागिले ८, म्हणजे ६७. कॅनन एसएक्स७०: २४७ भागिले ६.५, म्हणजे ३८. पॅनासॉनिक एफझेड३००: १०८ भागिले २.८, हाही ३८ च्या पुढेमागे. आणि सोनीचा आरएक्स१० मार्क ४, ज्याला लोक "फक्त ६०० मिमी" म्हणून नाक मुरडतात: २२० भागिले ४, म्हणजे ५५.

पी९५० आणि सोनी, एक २००० वाला आणि एक ६०० वाला, दोघांचं तोंड सारखंच. बगळ्याच्या अंगावरून येणारा प्रकाश दोघे सारखाच गोळा करतात. एक तो पसरून दाखवतो, दुसरा आवरून.

तपशिलाची हद्दही तोंडच ठरवतं. प्रकाश लहान भोकातून जाताना पसरतो, म्हणून ठिपक्याचा ठिपका राहत नाही, चकती होते. शंभर मीटरवर एकमेकांना चिकटलेल्या दोन खुणा किती अंतरापर्यंत सुट्या दिसतील, याचा सोपा हिशेब: ६७ ला तोंडाच्या मिलिमीटरने भागा. भाच्याच्या कॅमेऱ्याला २ मिमी येतात, ५५ वाल्याला १.२. हवा काचेसारखी स्वच्छ असली तरी याच्या खाली जाता येत नाही, मेगापिक्सेल कितीही असोत. भाच्याच्या कॅमेऱ्यात ती पसरलेली चकती साडेआठ मायक्रॉनची आहे आणि सेन्सरचा एकेक ठिपका दीड मायक्रॉनच्या आतबाहेर. त्यावर आणखी मेगापिक्सेल ओतले तर फाइल जाड होते, मगर नाही.

मग सोनी आणि पी९५० सारखेच का? नाहीत. सोनीचा ठिपका मोठा, २.४ मायक्रॉन, भिंग २२० मिमी. शंभर मीटरवर एक ठिपका १.१ मिमी जागा व्यापतो आणि दोन खुणा सुट्या दिसायला किमान दोन ठिपके लागतात, म्हणजे २.२ मिमी. पी९५० चा ठिपका बारीक, तो भिंगाच्या हद्दीवर, १.२ ला अडतो. लांबचं पी९५० जास्त दाखवेल, पण पावणेदोनपट. खोक्यावरच्या आकड्यांवरून वाटतं तसं सव्वातीनपट नाही.

दादांना हा हिशेब फोनवर वाचून दाखवला. "कागदावर बगळा बसत नाही," म्हणाले.

१४ डिसेंबर, रविवार

शाळेचं मैदान, सकाळी आठ. मास्तरांची जुनी शाळा, शिपायाने कुलूप काढून दिलं. टेपने शंभर मीटर मोजले. गोलपोस्टला पुठ्ठा बांधला आणि त्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा छापील कागद डकवला: ५ मिमी, ३, २, दीड आणि १ मिमी रुंदीच्या. कॅमेरा ट्रायपॉडवर, कंपनरोधक बंद, दोन सेकंदांचा टायमर. ट्रायपॉडवर कंपनरोधक चालू ठेवला की तो नसलेली हालचाल शोधत बसतो, म्हणून बंद.

१२०० मिमीला शंभर मीटरवरची फ्रेम जेमतेम तीन मीटर रुंद असते. कॉलेजचा पोरगा पुठ्ठ्याशेजारी आडवा झाला, डोकं ते पाय मावला आणि वर जागा उरली. मोठी मगर याच मापाची.

पट्ट्यांचा निकाल. २ मिमीच्या स्पष्ट. दीड मिमीच्या फिकट, पण मोजता येतात. १ मिमीच्या एकजीव करड्या. १ मिमीच्या पट्ट्यांत एका काळ्या पट्टीपासून पुढच्या काळ्या पट्टीपर्यंत २ मिमी होतात, म्हणजे हिशेबाप्रमाणे नेमकी हद्द. भिंगात खोट नाही, ते आपल्या मापाने पूर्ण काम करतंय.

दादांनी त्यांचा डीएसएलआर आणि ७०-३०० मिमीची लेन्स आणली होती. ३०० ला फोटो काढून कापून मोठा केला. २ मिमीच्या पट्ट्या दिसल्या, दीडच्या गेल्या. पण रंग, सावलीतला तपशील, काळ्याचा काळेपणा, सगळं दादांचं सरस. दोन फोटो शेजारी ठेवले तर अनोळखी माणूस दादांचाच उचलेल. पट्ट्या मोजणारा भाच्याचा उचलेल.

साडेअकराला तोच कागद, तोच ट्रायपॉड. दीडच्या पट्ट्या गायब, २ च्या नागमोडी. मैदान तापलं होतं. डिसेंबरात हे हाल, मग एप्रिलचं बोलायलाच नको.

२१ डिसेंबर, रविवार

भिलवडी. अंधारात निघालो, घाटावर पोचलो तेव्हा समोरचं औदुंबर दिसत नव्हतं, फक्त दत्ताच्या देवळातली घंटा ऐकू येत होती. नदीवर धुकं. पाणी कोमट, वरची हवा गार, त्यामुळे पाण्यातून वाफा निघाल्यासारखं दिसतं. या हवेत लांब झूम म्हणजे पांढरी भिंत. फोकस मागेपुढे फिरत राहतो, मोटर घरघरते आणि शेवटी हिरव्या चौकटीऐवजी लाल चौकट येते. या जातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा फोकस प्रतिमेतल्या काळ्या-पांढऱ्याच्या फरकावर चालतो. धुक्यात फरकच नसतो.

आठच्या सुमाराला धुकं फाटलं. पलीकडच्या काठावर राखी बगळा, मान खांद्यात घालून. नकाशावर मोजलं तर शंभर-सव्वाशे मीटर. ऊन कोवळं, हवा स्थिर. हा अर्धा-पाऊण तास या कॅमेऱ्याचा खरा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर १/२५० सेकंद, घाटाच्या कठड्यावर गव्हाची पिशवी, तिच्यावर कॅमेरा. बगळ्याच्या छातीवरचे काळे ठिपके सुटे आले, चोचीला लागलेलं शेवाळ आलं. दादांनी पडद्यात डोकावून "हं" केलं. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप.

मगरीचा पत्ता नव्हता. होडीवाले मामा बिडी ओढत बसले होते. त्यांना विचारलं.

"थांबा की सर. ऊन लागल्याबिगर ती वर येत न्हाई. धा वाजू द्या."

आणि तसंच झालं. साडेनऊनंतर पलीकडच्या मळीच्या, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीच्या, उतारावर एक लाकूड होतं ते हललं. मगर थंड रक्ताची, तिला अंग तापवायला ऊन लागतं. आणि तेच ऊन काठावरची काळी माती तापवतं, हवा हलायला लागते. म्हणजे ज्या वेळी मगर दिसते त्याच वेळी कॅमेऱ्याची दृष्टी अधू होत जाते. आपल्या सगळ्या कामाचा पेच हा आहे आणि तो कुठल्याच दुकानदाराच्या बोलण्यात येणार नाही.

पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांचे फोटो चांगले. तोंड उघडं ठेवून पडली होती. हा राग नसतो, अंगातली उष्णता आटोक्यात ठेवायची तिची रीत असते. वरच्या जबड्यातले दात मोजता येतात. पाठीवर वाळलेल्या चिखलाच्या खपल्या, त्यांतून वर आलेले खवले, एका बाजूच्या ओळीत एक खवला तुटका. याच खुणेवरून ही पुढच्या वेळी ओळखता येईल. पट्ट्यांचा कागद सांगत नव्हता ते इथे कळलं: आपल्याला सुंदर फोटो नको आहे, तुटका खवला दिसायला हवा.

आणखी एक बाब. या कॅमेऱ्याचं शटर भिंगात आहे, आवाज जवळजवळ नाही. दादांच्या आरशाच्या खटक्याला शेजारची ढोकरी उडाली, मगरीने मात्र ढुंकून पाहिलं नाही.

कॅमेरा लांबचा असण्याचा सर्वात मोठा फायदा फोटोतला नाहीच. पोरं पाण्याच्या कडेला गेली नाहीत. घाटावर बायका धुणं धुतात, या पट्ट्यात मगरीने माणसं ओढल्याच्या घटना झालेल्या आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, तिला डिवचणं गुन्हा. चांगल्या फोटोसाठी चार पावलं पुढे जावंसं वाटू नये, एवढं भिंग हवं.

२२ डिसेंबर, सोमवार

फोटो संगणकावर. लांबीचा अंदाज काढून पाहिला. मगरीचं डोकं नाकाच्या टोकापासून कवटीच्या मागच्या कडेपर्यंत मोजायचं आणि सातपट करायचं, असा ढोबळ हिशेब मगरींवर काम करणारे वापरतात. फ्रेम किती रुंद ते माहीत, अंतर नकाशावरून. उत्तर अडीच मीटरच्या थोडं वर आलं. अंतरात दहा मीटरची चूक धरली तर लांबी वीतभर इकडेतिकडे. नोंदीत "सुमारे" लिहायचं, हे मास्तरांनी लाल पेनने अधोरेखित केलं.

२८ डिसेंबर, रविवार

हरिपूर, कृष्णा-वारणेचा संगम. आज उडते पक्षी. लवकर आटपतो, कारण सांगण्यासारखं थोडं आहे: जमत नाही.

नदीसुरय पाण्यावरून सरळ रेषेत येतो, मध्येच सूर मारतो. झूम पूर्ण ओढला की फ्रेम दीड अंशाच्या आसपास, त्यात पक्षी सापडेपर्यंत तो पुलापलीकडे. झूम मागे घेऊन पक्षी धरून परत ओढायचा तर मोटरच्या गतीने. पाहणीच्या खिडकीतली प्रतिमा किंचित मागे असते, आपण पक्षी जिथे होता तिथे नेम धरतो. दहा फ्रेम धडाधड निघतात आणि मग कॅमेरा कार्डावर लिहीत बसतो, आपण बोट ठेवून उभे. कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवत टांगल्यासारखा थांबतो, तेवढा मात्र सापडला. बाकी आकाश, पाणी आणि एकदा शेपटी.

वहिनींनी एक युक्ती काढली, तीच कामाची. ३०० मिमीला फोकस आधी पाण्यावर धरून ठेवायचा, पक्षी त्या पट्ट्यात आला की दाबायचं. फोटो लहान येतो, पण येतो.

उडत्या पक्ष्यांसाठी कॅमेरा घेणारा माणूस असेल तर त्याने या जातीतून सोनीसारखा एक इंची सेन्सरचा बघावा. त्याच्या सेन्सरवर फोकससाठी ३१५ बिंदूंची वेगळी सोय आहे, सेकंदाला २४ फ्रेमपर्यंत जातो. नाहीतर दादांच्या वाटेने जावं.

३ जानेवारी २०२६, शनिवार

शाकंभरी पौर्णिमा. पोरांचा हट्ट म्हणून गच्चीवर चंद्र. गुरू त्याच्या शेजारीच होता.

ऑटोवर चंद्र पांढरी भाकरी होते, कारण कॅमेरा सगळं काळं आभाळ उजळायला जातो. फ्रेमच्या फक्त मधल्या ठिपक्यावरचा प्रकाश मोजायला लावला, आयएसओ १००, १/२५०. मग ज्यांना समुद्र म्हणतात ते काळे डाग, टायको विवरापासून फुटलेल्या रेषा आल्या. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, विवरं सपाट दिसतात. खड्डे बघायचे तर अष्टमीला. गुरू म्हणजे छोटी बिनटोकाची वाटोळी टिकली, शटर लांबवलं की तिच्या दोन्ही अंगांना त्याचे चंद्र, पण मग टिकली जळते. दोन्ही एका फोटोत नाहीत. पोरं तरी खूश. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत हेच पाहिलं होतं, हे मास्तरांनी सांगितलं आणि मग अर्धा तास सांगतच राहिले.

आपल्या कामाला चंद्राचा उपयोग नाही. वर्गणीतल्या पैशाचा विचार करताना ही रात्र धरू नये.

११ जानेवारी, रविवार

परत भिलवडी, फक्त झळांसाठी, म्हणजे तापलेल्या हवेच्या थरथरीसाठी. २१ डिसेंबरचा पेच सुटतो का बघायचं होतं.

तोच उतार, एकाच वेळी दोन जागांवरून. दादा खाली, मळीच्या वाटेवर, पाण्याच्या पातळीपासून हातभर उंच. त्यांची रेष तापलेल्या मातीवरून जात होती. मी भाच्याचा कॅमेरा घेऊन घाटाच्या वरच्या पायरीवर. माझी रेष जवळजवळ पूर्ण पाण्यावरून. दहा वाजता दादांच्या पडद्यावर मगरीची पाठ उकळत होती. माझ्याकडे थरथर होती, पण खवले सुटे होते. मग जागा बदलल्या, कॅमेरेही बदलले. फरक जागेबरोबर गेला, कॅमेऱ्याबरोबर नाही.

कारण उघड आहे. झळा जमिनीलगतच्या पहिल्या मीटर-दोन मीटरमध्ये सर्वांत वाईट असतात आणि दहा वाजता पाणी मातीपेक्षा गार असतं. पहाटे मात्र उलटं, पाण्यावरच धुकं. म्हणजे सकाळी आठपर्यंत पाण्यावरून बघण्यात अर्थ नाही आणि साडेनऊनंतर मातीवरून बघण्यात नाही.

यातून एक सवय ठरवली. एका मगरीचे फोटो एकापाठोपाठ बरेच काढायचे. हवा हलती असली तरी मध्येच एखादा क्षण ती थांबते आणि त्या एका फोटोत तुटका खवला दिसतो. बाकीचे सरळ पुसून टाकायचे. ग्रहांचे फोटो काढणारे हेच करतात.

आणखी एक पाहिलं. झळा आल्यावर १२०० ला ओढलेला फोटो आणि ६०० ला काढून कापलेला फोटो यांत फरक उरत नाही. हवेची हद्द भिंगाच्या हद्दीच्या अलीकडे येते. मग ३००० मिमी घेऊन पोरं काय करणार, हे त्यांनीच एकमेकांना विचारलं. मला बोलावं लागलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ. बाहेर पडलो नाही.

फक्त कॅमेरा पुसला आणि एक गोष्ट लक्षात आली. साखर कारखान्यांचा हंगाम जोरात आहे, तोड झालेल्या उसाच्या फडात पाला पेटवतात आणि त्याची काजळी हवेतून उतरते, काळे केस असल्यासारखी. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर ती दिसते, कॅमेऱ्यावर दिसत नाही. झूम ओढला की नळी तीन टप्प्यांत बाहेर येते, आत जाताना बाहेरची हवा आत खेचते. नळीच्या दुसऱ्या टप्प्यावर बोट फिरवलं तर काळं. पाणी-धुळीपासून या कॅमेऱ्याला संरक्षण नाही, आणि लेन्स काढता येत नसल्याने सेन्सरवर डाग बसला तर घरी पुसता येत नाही, कारागिराकडेच जावं लागतं. लेन्स बदलायची कटकट नाही, ही मास्तरांची जमेची बाजू. तिची ही दुसरी बाजू.

वापराचा नियम म्हणून वहीच्या पहिल्या पानावर: फड पेटलेला दिसला की कॅमेरा पिशवीत.

१ फेब्रुवारी, रविवार

छपाई. निवडक फोटो स्टुडिओत नेऊन ८×१२ इंचात काढले. आयएसओ १०० आणि २०० चे उत्तम, हातात घेऊन कुणी नाव ठेवणार नाही. ४०० ला पिसांचा बारकावा मेणासारखा गुळगुळीत होतो, कॅमेरा दाणे घालवताना पिसंही घालवतो. ८०० चालेल, नोंदीपुरतं. १६०० ला खंड्या आहे की पाण्यातली प्लास्टिकची पिशवी, यावर दोन मतं पडली. मोबाइलच्या पडद्यावर हे सगळे फोटो सारखेच छान दिसत होते. गटात फोटो फिरवून कॅमेरा ठरवणाऱ्यांनी एकदा छापून बघावं.

संध्याकाळचा प्रकाश गेला की हा वर्ग झोपतो, हे आता पक्कं. १/२.३ इंची सेन्सरचं क्षेत्रफळ २८ चौरस मिमी, एक इंचीचं ११६, फुल फ्रेमचं ८६४. आपलं काम सकाळी आठ ते साडेदहाचं आहे म्हणून आपलं भागतं.

८ फेब्रुवारी, रविवार

दादांनी मिरजेच्या मित्राकडून १५०-६०० मिमीची लेन्स आणली. सांगलीत माई घाटावर, आयर्विन पुलाच्या अलीकडे. नदीसुरय, पाणकावळे, शेकाटे, सगळे हजर.

फोटो बघून भांडण मिटलं. ६०० भागिले ६.३, तोंड ९५ मिमी, भाच्याच्या कॅमेऱ्यापेक्षा प्रकाश आठपट. उडता नदीसुरय, पिवळी चोच, डोळ्यातली चमक, सगळं एका फोटोत. वहिनींनी बघून कॅमेरा हातात मागितला, घेतला आणि लगेच परत दिला. एकटी लेन्स दोन किलोच्या आसपास, त्यात बॉडी, त्यात ट्रायपॉड. मास्तरांनी ती पायऱ्यांवरून खाली नेताना पोरगा मागे हात धरून चालला होता.

दादा स्वतःच म्हणाले, "ही माझ्यासाठी. गटासाठी नाही. ही घरातून निघणारच नाही रोज."

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला रीघ, नदीकाठी जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून बैठक.

निर्णय: निकॉन पी९५० च्या वर्गातला, ५५ मिमी तोंडाचा. आपला विषय बसलेला, लांब आणि उन्हातला आहे. वजन किलोभर, मास्तरांना गळ्यात घालून चालतं. रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) मिळते, पाठीवरच्या सावलीतले खवले नंतर उजळता येतात. १२५ पटवाला १४०० ग्रॅमच्या वर जातो आणि जादा मिळणारं सगळं झळा खातात. पोरांनी हात वर केले, पण तोंडं पाडूनच.

सोनीच्या बाजूने वहिनी शेवटपर्यंत होत्या, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. मार्च ते मे नदीसुरय वाळूच्या बेटांवर अंडी घालतात, तेव्हा पहाट आणि संध्याकाळच हातात असते, दुपारी वाळूवर झळांशिवाय काही नाही. त्या कामाला एक इंची सेन्सरच हवा. तोडगा असा: त्या महिन्यांत दादा त्यांचा डीएसएलआर घेऊन येतील, घरट्यांपासून लांब राहून. घरट्यांच्या जागा फोटोसोबत कुठेही टाकायच्या नाहीत, यावर मत घेण्याची गरज पडली नाही.

खरेदी पोरांनी करायची, पावती मास्तरांच्या नावे. सोबत ६७ मिमीचा साधा संरक्षक फिल्टर, जादा बॅटरी (एकीवर तीनशेच्या आतच फोटो निघतात आणि झूमची मोटर तीच खाते), दोन कार्डं, आणि गव्हाची नवी पिशवी. जुनीला वहिनींकडच्या उंदरांनी भोक पाडलंय. कॅमेरा आला की पहिल्या दिवशी शाळेच्या मैदानावर तोच पट्ट्यांचा कागद, शंभर मीटर, सकाळी आठ. १ मिमीच्या पट्ट्या सुट्या दिसल्या तरच डबा ठेवायचा, नाहीतर परतीची मुदत संपायच्या आत दुकानात.